सगळ्या चांगल्या मुली एकाच संघात

चैत्रातल्या दुपारी तापलेल्या सिमेंटवर बास्केटबॉल आपटला की रबराचा एक कोरडा, जळकट वास उठतो आणि कडेच्या कडुलिंबाच्या फुलोऱ्याच्या गंधात मिसळून जातो. नगरच्या मैदानावर त्या दिवशी मी तो वास घेत बसले होते आणि फलकावर आमच्याविरुद्धचे गुण वाढत होते. पाथर्डीला मी वीस वर्षं मुलींना हा खेळ शिकवते. समोर होता शहरातला नवा पगारी संघ. पारनेरची उंच मुलगी, लांबून अचूक बास्केट करणारी बेलापूरची मुलगी आणि माझी सारिका; जिल्ह्यात जे जे उजवं होतं ते सारं त्यांनी वर्षभरात वेचून नेलं होतं. सारिकाच्या ना-हरकत पत्रावर सही माझीच होती. दरसाल आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी ती पोर आता वसतिगृहात राहील, तिला पगार मिळेल, एवढंच तेव्हा मला दिसलं होतं.

मध्यंतरालाच सामना संपल्यात जमा झाला. प्रेक्षक एकेक करून उठून गेले, पंचांच्या शिट्टीतही जीव उरला नव्हता, आणि जिंकणाऱ्या मुली बास्केट झाल्यावर एकमेकींकडे पाहतसुद्धा नव्हत्या. मला राग यायला हवा होता. पण बधिर झालेल्या हातावरून पाणी वाहावं तसा तो तास माझ्यावरून वाहून गेला.

सारिका शेवटपर्यंत राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होती. सामना संपताच ती धावत आली, पाया पडली. तिच्या नव्या बुटांवर धूळसुद्धा नव्हती.

"मॅडम, हितं शिकायला लई मिळतंय," ती म्हणाली, "पर खेळायला न्हाई मिळत. माझ्यापेक्षा भारी सात-आठ जणी हायेत."

"परत येतेस का?"

तिने नकारार्थी मान हलवली. "माझ्या पगारावर आई औंदा तोडीला गेलीच न्हाई. आता कसं येऊ?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. 

परतताना जीप करंजीच्या घाटात आली तेव्हा उघड्या डोंगरांवर ऊन पिवळं पडत चाललं होतं. आमच्या संघात उरलेल्यांतली सर्वांत चपळ, गौरी, माझ्या शेजारी बसली होती. बाहेर पाहत ती म्हणाली, "मॅडम, मी लई चांगली खेळाया लागले, तर मलाबी तिकडं धाडताल का?"

त्या प्रश्नात भीती होती की आशा, मला कळलं नाही. उद्यापासून तिला डाव्या हाताने बास्केट करायला शिकवायचं माझ्या मनात होतं. ते शिकवलं, तर एक दिवस तिच्याही ना-हरकत पत्रावर मलाच सही करावी लागणार होती.