रिकामी कॅसेट जपणाऱ्या बाई

सुमनबाई गेल्याचा निरोप आला तवा मी शाळेत खिचडीचे तांदूळ निवडत हुते. हात थांबू दिला न्हाई. पोरं जेवायची हुती, आन् बाईंनाबी ते आवडलं नसतं... आज महिना झाला. मी सांगती, नात लिहिती.

आम्ही मूळचे कवठ्याचे, मेंढरांमागं हिंडणारे. मालक लवकर गेले, मेंढरं रोगानं गेली, तवा दोन पोरी घेऊन कारेगावात आले आन् शाळेत खिचडी शिजवाय लागले. कंपन्यांपायी गावात बिहारी, ओडिया, तेलुगू, सगळी आलेली. त्यांची पोरं वर्गात नुसती बघत बसायची. मग त्यांच्या वर्गाच्या सुमनबाईंनी घरचा टेप आणला. दर पोराची एक कॅसेट, वर नाव. शनवारी पोरानं आधी घरच्या भाषेत बोलायचं, मग मराठीत. महिन्यानं त्याचं त्यालाच ऐकवायचं, "बघ, कुठनं कुठं आलास!" कोऱ्या कॅसेटी कुठल्या? लग्नातल्या जुन्या गाण्यांच्या कॅसेटी मागून आणायच्या, वरच्या भोकात कागद कोंबला की टेप नवं भरू देतो, मग गाण्यांवरच पोरांचं बोलणं भरायचं.

एक मिनती तेवढी बोलायची न्हाई. ओडिया पोरगी, सात वर्सांची. चार महिनं तिच्या कॅसेटीत नुसता पंख्याचा आवाज. हेडसर म्हनले, "बाई, पोरगी मुकी हाय. दिवाळीनंतर नाव कमी करतो, मुक्यांच्या शाळंत घालू द्या."

"ती ऐकते सगळं, सर. दिवाळीपर्यंत थांबा."

मी म्हनलं, "बाई, रिकामी कॅसेट कशापायी जपता?"

"मावशी, गप्प बसली हेपण लिहून ठेवण्यासारखंच आहे."

पोरगी माझ्या चुलीपशी रेंगाळती, हे बाईंनी हेरलं. टेप तिथं ठिवला. आवाज भराय दोन बटनं संगट दाबायची, मला शिकवलं. एक दिस मिनतीनं ताट पुढं केलं आन् म्हनली, "आउ टिके." म्हंजी अजून थोडं! मी टेपावर झडप घातली... पर एकच बटन दाबलं. काय भरलंच न्हाई. दिवाळी आठ दिसांवर. मान खाली घालून बाईंपुढं उभी राहिले.

"तुमच्या कानात आहे ना? मग तुम्हीच बोला."

पाटीला कवा हात न लावलेली मी, टेपात ओडिया बोलले! बाईंनी ते मिनतीला ऐकवलं, तशी पोरगी पोट धरून हसली. माझं बोलणं तिला सोसंना. "असं न्हाई" म्हनून मान हलवली आन् सवताच बोलून दावलं. बटनं बाईंनी दाबलेली हुती. मग मीठ, डाळ, विस्तव... एकेक वस्तू दावून ती मला तिचं शिकवायची, मी तिला माझं.

सुट्टीआधी हेडसरांपुढं कॅसेट लावली. आधी पंखा, मग मी, मग हसू, मग मिनती. एकेक शब्द, आधी ओडियात, मग मराठीत. सर म्हनले, "ही मधली म्हातारी कोण?"

"आमची सखूमावशी. तीपण शिकतेय."

पोरीचं नाव पटावर राहिलं, आन् चुलीपशी आमची शिकवणीबी पुढं चालूच राहिली.

बाईंच्या शोकसभंत मोठी मोठी माणसं बोलून बसली. आता नववीत असलेली मिनती उठली, माईक धरला, मराठीत बोलली. मधीच रडू आलं आन् ओडियात गेली. मागं बसलेल्या कामगारांच्या बाया उभ्या राहिल्या, डोळं पुसाय लागल्या. गावातली माणसं एकमेकांकडं बघाय लागली. हेडसर म्हनले, "मावशी, काय म्हनती ती?"

मी उठले. समद्या गावापुढं तिचं एकेक बोलणं मराठीत सांगितलं... बाईंच्या खुर्चीवर टेप सगळं भरून घेत हुता, या खेपंला दोन्ही बटनं मीच दाबली हुती.