साण्यातून सांगितलेलं लग्न

दोंडाईच्याच्या आसपास ऐंशी ते पंचाण्णवच्या दरम्यान ज्यांची लग्नं लागली, त्यांच्या जुन्या आठवणी काढून बघा. नवरदेवाचा चेहरा कदाचित पुसट झाला असेल, जेवणात काय होतं तेही आठवणार नाही, पण "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणणारा तो भरदार आवाज अजून कानात असेल. तो आवाज मोतीलाल बोरसेचा. माणूस असा किरकोळ, की भोंगा खांद्यावर घेऊन निघाला की भोंगाच चालत आल्यासारखा वाटायचा. त्याची बायको ताईबाई म्हणायची, "घरमा तोंड उघडत नही, नि भोंगावर बंद करत नही."

तर या मोतीलालला आपल्या धंद्याचा कंटाळा आला होता. दिवसभर काय बोलायचं, तर जेवण झालेल्यांनी पंगतीतून उठावं, नवरदेवाचे मामा असतील तिथून मंडपात यावेत, आणि एका लहान मुलाची चप्पल सापडली आहे. एवढा मोठा आवाज देवाने दिला तो काय चप्पल सापडल्याचं सांगायला?

अशातच एका हिवाळ्यात स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर तो रेडिओवर मॅच ऐकत उभा होता. टपरीवरच्या एकाही माणसाने जन्मात मोठं मैदान बघितलं नव्हतं. पण सगळे त्या ट्रान्झिस्टरकडे असे टक लावून बघत होते, की चेंडू आता त्यातूनच बाहेर येणार. मोतीलालच्या डोक्यात तिथेच दिवा लागला. लग्नाला गाव लोटतं, पण लग्न दिसतं कोणाला? पुढच्या तीन-चार रांगांना. बाकीचे पुढच्याच्या टोपीवर अक्षता टाकून जेवायला पळतात. मग लग्नाची कॉमेंट्री का नको?

महिनाभर त्याला दुसरं काही सुचेना. कोणता भोंगा कुठे बांधायचा, आवाज कुठे चढवायचा, नवरीच्या चालीचं वर्णन करताना मागे सनई किती हळू ठेवायची, सगळं त्याने ठरवलं. ताईबाईने नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर खडूने मंडप काढला आणि त्याबद्दल दोन वेळचं जेवण ऐकत-ऐकत गिळलं. सराव करायला घरात दुसरं कोण? ताईबाई भाकरी थापायला बसली की हा चुलीशेजारी हातात लाटणं धरून सुरू. "ताईबाईंनी पीठ मळून घेतलं आहे... आता भाकरी तव्यावर..." शेवटी ती म्हणाली, "आते करपनी, हाई बी सांग."

कल्पना तयार झाली, आता गिऱ्हाईक पाहिजे. पहिल्यांदा तो गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे गेला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मोतीलाल, माझ्या मुलीचं लग्न आहे. इथं कोणाला आउट करायचं नाही." दुसऱ्या एका घरी तर जवळपास जमलंच होतं. तेवढ्यात मुलाच्या बापाने विचारलं, "मानाची टोपी कोणाला आधी मिळाली, कोणाला नंतर, हे बी सांगशील?"

"जे दिसेल ते सांगेन."

"मग नको रे बाबा. घरमा आधीच लागेल आग पुरी शे."

मोतीलाल हिरमुसला. मनाशी म्हणाला, या उन्हाळ्यात एक तरी लग्न मिळालं तर ठीक, नाहीतर जन्मभर चपलाच शोधायच्या. आणि निमखेड्याला पंडित आबांच्या घरी लग्न निघाल्याचं त्याच्या कानावर आलं.

आबा म्हणजे जुना शेतकरी, चार शब्द बोलायचे तर तीन सुपारीला. धाकटा भाऊ तरुणपणीच गेला, त्याची मुलगी लता आबांनीच वाढवली. तिचं लग्न. मोतीलाल पोचला तेव्हा आबा ओट्यावर सुपारी कातरत होते आणि शेजारी भाईदास बसले होते. हे भाईदास आबांचे शेजारी, दोस्त आणि आबांच्या पानाच्या डब्याचे अर्धे मालक. मोतीलालने समजावण्याच्या भानगडीत न पडता पिशवीतून माइक काढला, वायर कशालाच न जोडता तोंडाशी धरला आणि रेडिओवरच्या शुद्ध मराठीत सुरू केलं.

"नमस्कार मंडळी. निमखेडे गावातून पंडित आबांच्या ओट्यावरून मोतीलाल बोरसे बोलतो आहे. हवा कोरडी आहे. आबा सुपारी कातरत आहेत. त्यांच्या डाव्या बाजूला भाईदासभाऊ. भाईदासभाऊंचा हात हळूहळू डब्याकडे सरकतो आहे... आबांचं लक्ष अडकित्त्यात आहे... हात डब्यात गेला... आणि पान थेट भाईदासभाऊंच्या खिशात."

आबांनी मान वळवली. भाईदास म्हणाले, "मी ते पान दखी ऱ्हायंतू. किडेल शे का."

"रोज दखस का?" आबा म्हणाले.

तेवढ्यात दाराआड कोणीतरी खुदकन हसलं. ती भिकुबाई, लताची आई. आबा तिचे थोरले दीर, म्हणून ती कधी त्यांच्यासमोर ओट्यावर यायची नाही. हसणं थांबलं आणि दाराआडूनच आवाज आला.

"मोतीलालभाऊ, मी काही मंडपमा येवाव नही. मांगनी खोलीमा ऱ्हासू. तुमना भोंगामाईन माले मन्ही लतानं लगीन दिसी का?"

अडकित्ता थांबला. त्या काळी रीतच तशी होती. नवरा नसलेल्या बाईने पोटच्या पोरीचंही लग्न लागताना समोर यायचं नाही. रीत सगळ्यांना माहीत होती, फक्त ती अशी कोणी मोठ्याने म्हणून दाखवत नसे. मोतीलालचं रेडिओचं मराठी कुठल्या कुठे पळालं.

"अक्का, बठ्ठं दखाडसू," तो म्हणाला. "तांदूय कोनावर पडनात, हाई बी सांगसू."

आबांनी पानाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "ठीक शे. पन कोन रुसना, कोन फुगना, हाई भोंगावर येवाले नको. नही ते तुना भोंगा विहीरमा."

लग्न वैशाखातलं, गोरज मुहूर्ताचं. मोतीलाल सकाळपासून तिथेच. दोन भोंगे मंडपाला बांधले आणि तिसरा, जो कोणी मागितला नव्हता, तो मागच्या खोलीच्या झरोक्याशी. वीज जाणार हे गृहीत धरून बॅटरी चार्ज करून आणलेली. नवरदेव घोडीवरून मारुतीच्या पाराकडे निघाला आणि मोतीलालने माइक हातात घेतला.

काय रंगला म्हणून सांगावं! "नवरदेवांनी पहिल्यांदाच डोळे वर केले आहेत. घोडी मात्र अजून लाजते आहे." आचाऱ्यांनी झारे बाजूला ठेवले. मागच्या रांगांतले लोक टाचा उंचावायचे थांबून चक्क खाली बसले. नवरदेवाचे काका चहा गार मिळाला म्हणून फुगून मंडपाबाहेर उभे होते. मोतीलाल म्हणाला, "नवरदेवाचे काका मोकळ्या हवेचा आनंद घेत आहेत." सगळा मंडप समजायचं ते समजला, काकांनाही तक्रार करायला जागा राहिली नाही. ओट्यावर आबांनी सुपारी तोंडात टाकत मान डोलावली. मोतीलालला वाटलं, जिंकलं.

आणि नवरा-नवरी समोरासमोर उभे राहिले. अंतरपाट धरला गेला. भटजींनी मोतीलालपुढे हात केला.

"माइक."

मोतीलाल बघतच राहिला. महिनाभर त्याने सगळ्याचा विचार केला होता, सनईचा, बॅटरीचा, घोडीचा. पण ऐन लग्न लागताना मंगलाष्टकं होतात आणि माइक एकच आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या मनातल्या लग्नात भटजी नुसते ओठ हलवायचे. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने शेकडो भटजींच्या हातात माइक दिला, त्याने ही चूक करावी!

भटजी दोन कडवी म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. पण आपल्याकडे लग्नात मंगलाष्टक म्हणायची हौस किती जणांना असते ते काय सांगायला पाहिजे? माइक आधी नवरीच्या मेव्हण्याकडे गेला. मग काकांची समजूत काढायची म्हणून कोणीतरी तो त्यांच्या हातात दिला. चहाचा सगळा राग काकांनी सुरात ओतला. भोंगा किंचाळायला लागला.

मोतीलालला मागची खोली दिसत होती. त्या झरोक्यातून आता भिकुबाईला काकांचा घसा तेवढा दिसत असेल. पोर नाही.

भोंगा बांधायला आणलेली शिडी भिंतीला लावलेलीच होती. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि धाब्यावर चढला. आपल्याकडची ती मातीची सपाट छपरं. मागच्या खोलीच्या बरोबर वर उजेडासाठी ठेवलेलं साणं होतं, परातीएवढं भोक. धाब्याच्या कडेला गेलं की भिंत आणि मंडपाचं कापड यांच्या फटीतून खालचं बोहलं दिसायचं. मोतीलाल कडेला पालथा पडून बघायचा, सरपटत साण्यापाशी यायचा, तोंड आत घालून सांगायचा आणि पुन्हा कडेला.

"अक्का."

भिकुबाईने वर बघितलं. ती धान्याच्या कोठीला टेकून बसली होती, मुठीत अक्षता घट्ट धरून.

"लता हुभी शे. पिवयी साडी, कपायले मुंडावय्या. हातमा हार शे, नि हार कापी ऱ्हायना."

"रडी ऱ्हायनी का?"

मोतीलाल कडेला जाऊन आला. "नही. आथी तथी दखी ऱ्हायनी."

"कोनले?"

त्याने थोडा दम घेतला. "घरना दारकडे. तुमले धुंडी ऱ्हायनी."

भिकुबाईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "तिले सांगा, माय दखी ऱ्हायनी."

आता हे कसं सांगायचं? माइक काकांकडे. मोतीलाल कडेला आला आणि सगळा संकोच सोडून दोन्ही हात हलवायला लागला. लताची नजर फिरत फिरत वर आली. त्याने आधी खाली साण्याकडे बोट केलं, मग आपल्या डोळ्याकडे. पोरीला कळलं. ती हसली. नेमका त्याच क्षणी अंतरपाट खाली आला, आणि नवरदेवाला वाटलं, आपल्याकडे बघून हसली. त्या एका हसण्यावर त्याने पुढे संसार केला. त्याला अजून कोणी खरं सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

टाळ्या, बँड, एकच गलका. मोतीलाल साण्यापाशी आला तर भिकुबाई कोठीवर चढून उभी होती आणि तिची मूठ साण्यातून वर आली होती. त्याने ओंजळ धरली. अक्षता ऊन होत्या. त्या घेऊन तो कडेला गेला आणि फटीतून बरोबर नवरा-नवरीच्या डोक्यावर सोडल्या.

खाली आल्यावर आबा शिडीशीच उभे. "ऐन टाइमले कॉमेंट्री बंद. नि तू धाबावर काय करी ऱ्हायंता?"

"भोंगानी वायर दखी ऱ्हायंतू, आबा."

"किडेल व्हती का?" भाईदास म्हणाले. हा हिशोब त्यांनी जपून ठेवला होता.

आबांनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, मोतीलालच्या कुडत्यावरच्या मातीकडे बघितलं आणि अडकित्ता खिशात टाकून जेवणाच्या पंगतीकडे निघून गेले.

पुरुषमंडळींत बातमी अशी पसरली, की मोतीलालची कॉमेंट्री चांगली होती पण भरवशाची नव्हती. दुसऱ्या लग्नात ती कोणी मागितली नाही. पुढे व्हिडिओवाले आले आणि विषयच संपला. बायकांमध्ये मात्र वेगळीच बातमी फिरत होती. भोंगा ठरवायला पुरुष यायचे, आणि त्यांच्या पाठोपाठ कोणीतरी म्हातारी येऊन ताईबाईच्या कानाशी लागायची, "मन्ही सून मांगनी खोलीमा ऱ्हाई. भाऊले सांगजो." मग मंगलाष्टकं आली की मोतीलाल न मागता भटजींच्या हातात माइक द्यायचा आणि शिडी चढायचा. ताईबाई कुरकुरायची, बाकीच्यांचे नवरे लग्नात जेवतात, माझा छपरं तुडवतो. पण त्याचे मातीने भरलेले कुडते तीच धुवायची.

मग हळूहळू धाबी गेली, स्लॅब आले. स्लॅबला साणं नसतं.

आबांच्या नातीचं लग्न धुळ्याला एका मोठ्या हॉलमध्ये झालं, तेव्हा मोतीलाल पाहुणा म्हणून गेला होता, भोंग्याशिवाय. लताने आईचा हात धरून तिला ओढतच आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. कोणी हरकत घेतली नाही. दिवस बदलले होते. मोतीलालने लांबून ते बघितलं.

जेवणं झाल्यावर तो भिकुबाईला भेटायला गेला. "काय अक्का, आते ते समोर बठीसन दखं लगीन."

"कसाना दखं," भिकुबाई म्हणाली. "एक फोटोवाला, दोन व्हिडिओवाला. बठ्ठासना पाठी दखात. तू वर राहता ते काहीतरी सांगता तरी."