बंद केलेला कूलर
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मारेगावच्या घरातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. मी घरून काम करत होतो. सॉफ्टवेअर तपासायला मी लिहिलेल्या टेस्ट अर्ध्यावर गेल्या की लॅपटॉप अडकायचा. वैतागून मी म्हणालो, कूलरमुळे व्होल्टेज पडतंय. आईनं लगेच कूलर बंद केला. "तुयं काम होऊ दे, मले नाही होत गरम," असं म्हणत ती पदरानं वारा घेत बसली. संध्याकाळी खरं कारण सापडलं. माझी प्रत्येक टेस्ट नवा ब्राउझर उघडायची, आणि तो बंद करायचं मी कोडमध्ये लिहिलंच नव्हतं. त्यानंच लॅपटॉपची मेमरी भरत होती. ती चूक मी गुपचूप दुरुस्त केली. आजही मी लॅपटॉप उघडला की आई उठून कूलर बंद करते, आणि मी स्क्रीनकडे बघत राहतो.