दाट दूध

"साडेदहा किलो," सिस्टरनं काट्यावरचा आकडा वाचला. हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ते शाबासकीच्या अपेक्षेनं. त्यांचा नातू विराज आठ महिन्यांचा होता. मी शाबासकी दिली नाही, त्याची फाइल उघडली.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मांजरी गावात बावीस वर्षं दवाखाना चालवते. माझ्याकडच्या प्रत्येक फाइलमध्ये ग्रोथ चार्ट असतो, म्हणजे वक्र रेषा छापलेला कागद. दर वेळी बाळाचं वजन आणि लांबी त्यावर ठिपक्यानं मांडायची. बाळ साधारण आपल्या रेषेनं चाललं की आम्ही निश्चिंत. विराज जन्मला सव्वादोन किलोचा, सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली. आता वजन सगळ्यात वरच्या रेषेला टेकलं होतं आणि लांबी मधल्या रेषेवरच होती. लहान जन्मलेल्या बाळानं थोडं भरून काढणं चांगलंच. पण पहिल्या वर्षात असं भराभर भरलेलं मूल पुढे शाळेच्या वयात स्थूल होण्याची शक्यता वाढते. होईलच असं नाही, पण डोळेझाकही करता येत नाही.

त्याची आई रेश्माही सोबत आली होती; ती खराडीला नोकरी करते. दिवसभर बाळ आजीकडे. सकाळ-रात्र अंगावरचं दूध, दिवसा पावडरचं, दोन वेळा खिमट. सगळं मी दिलेल्या कागदाप्रमाणे. बिस्किटं? गोडधोड? मी जरा तिखटपणेच विचारलं आणि रेश्माचे डोळे भरून आले. काहीच देत नाही म्हणाली. शी कडक होते, एवढाच एक धागा हाताला लागला. मग मी म्हटलं, उद्या डबा, बाटली, पाणी घेऊन या आणि माझ्यासमोर दूध बनवा.

दुसऱ्या दिवशी हिराबाईंनी बनवलं. डब्यावर लिहिलं होतं, तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा. हिराबाईंचे चमचे शिगोशीग भरलेले, आणि वर एक जास्तीचा. मग बाटली तिरपी करून दूध काचेला कसं धरतं तेही त्यांनी पाहिलं. एवढं दाट का, मी विचारलं.

"चाळीस वरसं गोठा केला बाई. डेअरीत एकदाबी माझं दूध पातळ निघालं न्हाय. गिऱ्हाइकाच्या दुधात पानी घातलं न्हाय, ते नातवाच्या घालू?"

बाळानं तोंड फिरवलं तरी प्रत्येक बाटली संपवतेच, हेही त्यांनी सांगितलं. ते कशाला, मी विचारलं.

"तुमीच म्हनला व्हता. वजन वाढलं पायजे."

मी फाइल मागे उलटली. सहाव्या आठवड्याच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, खाली दोन रेघा मारून: वजन वाढलं पाहिजे. ते वाक्य मी नंतर कुठेही मागे घेतलं नव्हतं. चौथ्या महिन्यात ठिपका मधली रेषा ओलांडून गेला, तेव्हा तर मी "छान!" लिहून मोकळी झाले होते. मला मनापासून लाज वाटली. आदल्या दिवशी त्या पोरीला उगाच रडवलं होतं.

"आजी, चूक माझी आहे," मी म्हटलं. मग घट्ट दुधानं बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो हे सांगितलं, आणि पुढच्या स्थूलपणाचंही.

अशा वेळी घरातली मोठी माणसं बहुधा रुसतात. 'आमची काय पोरं जगली नाहीत?' हे मी शेकडो वेळा ऐकलंय. हिराबाईंचे यजमान साखरेच्या आजारानं गेले होते आणि मुलगा पस्तिशीतच गोळ्या घेत होता. त्या रुसल्या नाहीत, त्यांनी बाटली बाजूला ठेवली.

"वासराला समदं पाजलं की हगवण लागती," त्या सावकाश म्हणाल्या. "थोडं पाजून बाजूला बांधायचं असतंय. मला ठावं हाय की हे. मानसाच्या लेकरापायी इसरले."

बावीस वर्षांत इतक्या सरळपणे चूक कबूल करणारं माणूस मी क्वचित पाहिलं. डॉक्टरांत तर फारच क्वचित.

मग त्या सुरीच्या पाठीनं चमचा सपाट करू लागल्या. विराजनं मान वळवली की बाटली खाली. वजन उतरवायचं नव्हतंच, फक्त वाढीचा वेग कमी करायचा होता. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, सुनेनं पोर वाळवलं. हिराबाईंनी दारात उभं राहून त्यांना सांगितलं, "सुनेनं न्हाय, म्या." रेश्मानं हे मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे पुन्हा भरले होते, पण या वेळी कारण वेगळं होतं.

पहिल्या वाढदिवसानंतर ठिपका मधल्या रेषेकडे झुकलेला दिसला. मी हिराबाईंचं अगदी तोंडभरून कौतुक केलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण खुर्चीतून उठल्या नाहीत.

"आता ह्ये कवापतूर पाळायचं, त्ये सांगा," त्या म्हणाल्या. "मागल्या टायमाला तुमी सांगायचं इसरला व्हता."

साध्या तापाच्या औषधापुढेही मी 'तीन दिवस' असं न चुकता लिहिते. सल्ल्यापुढे मात्र कधी मुदत लिहिली नव्हती. मी पेन काढलं आणि तारीख घातली.