टेक्लाचं मत

टेक्ला स्मोल्को कुणाला मत देणार हे पेनसिल्व्हेनियातल्या त्या जुन्या कोळशाच्या गावात कुणालाच सांगता यायचं नाही. तिला स्वतःलाही बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यापर्यंत ठाऊक नसायचं. तिचे वडील खाणकामगारांच्या युनियनचे, एका पक्षाला जन्मभर चिकटलेले. नवरा बोहदान नेमका उलट्या बाजूचा. जेवताना दोघांची जुंपली की टेक्ला मध्ये बटाट्याचं भांडं ठेवायची आणि म्हणायची, "आधी वाढून घ्या, मग देश वाचवा." दोघंही गेले, पण दोघांचेही मुद्दे तिच्या डोक्यात अजून भांडत असायचे.

तिची जिवलग मैत्रीण पॉलीन एका पक्षाची जुनी कार्यकर्ती. ती टेक्लाला 'तळ्यात-मळ्यात' म्हणून चिडवायची.

"दोन्ही उमेदवारांनी तुझ्या दारात फुलं घेऊन उभं राहावं, अशी इच्छा दिसते तुझी."

"फुलं नकोत. बूट पुसून आत आले तरी पुरे."

त्या वर्षीच्या निवडणुकीत टेक्लाला एकच गोष्ट महत्त्वाची होती. व्यसन सोडवणारं एखादं केंद्र या खोऱ्यात हवं होतं. तिच्या एकुलत्या एक मुलाची, मित्कोची, गोदामात माल उचलताना पाठ धरली. डॉक्टरनं दुखण्यावर सवय लागणाऱ्या गोळ्या दिल्या. डॉक्टरनं बंद केल्यावर त्या दुसरीकडून येऊ लागल्या. शेवटी एके सकाळी तो स्वतःच म्हणाला, मला कुठेतरी भरती कर. दोन डोंगर ओलांडून टेक्ला त्याला सगळ्यात जवळच्या केंद्रावर घेऊन गेली. तिथे खाट रिकामी नव्हती. परत येताना उतारावर तो म्हणाला, "मम्मा, मला घरी नेऊ नकोस." पण घराशिवाय नेणार तरी कुठे? खाट मिळाल्याचा फोन आला तेव्हा मित्कोला पुरून झालं होतं.

त्याचं ते वाक्य टेक्लानं फक्त पॉलीनला सांगितलं होतं. पॉलीन मित्कोची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच त्याला हातांवर धरलं होतं.

ऑक्टोबरमध्ये पॉलीन आपल्या उमेदवाराला घेऊन आली. रस कोव्हॅलिक राज्याच्या विधानसभेला उभा होता. टेक्लानं आयुष्यभर शाळेची बस चालवली. हा रस तिच्या मागच्याच बाकावर बसायचा, वळणांवर त्याला मळमळायचं. आता अंगावर कोट होता, पण बूट मात्र त्यानं पायपुसण्यावर नीट पुसले. टेक्लानं कोबीच्या पानांत भात भरून केलेल्या गुंडाळ्या वाढल्या. तो दोनदा मागून जेवला आणि म्हणाला, "मी निवडून आलो तर केंद्र इथेच येईल, मिसेस स्मोल्को. इथेच, या खोऱ्यात."

असं तोंडावर कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती बोलायला लागली आणि थांबलीच नाही. त्या उतारावरचं वाक्यही बोलून गेली. रसचे डोळे भरून आले. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"हे या घराबाहेर जाणार नाही. शब्द देतो."

तो गेल्यावर टेक्ला पॉलीनला म्हणाली, "ठरलं गं माझं."

पॉलीननं तिला घट्ट मिठी मारली. "इतक्या लवकर? आजारी तर नाहीस ना?"

पुढच्या रविवारी दुपारी दोघी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बिंगो खेळायला बसल्या होत्या. भिंतीवर टीव्ही चालू होता. टेक्लानं सहज मान वर केली तर पडद्यावर मित्को. शाळा संपल्याच्या दिवशीचा फोटो, समारंभाचा झगा घातलेला, एक भुवई वर चढवलेला. मागून कुणीतरी जड आवाजात सांगत होतं, एका खाणकामगाराचा हा मुलगा. मग एका कोवळ्या, परक्या आवाजानं म्हटलं, "मम्मा, मला घरी नेऊ नकोस." त्यानंतर रसचं नाव आलं, आणि त्याचा हसरा चेहरा.

हॉलमध्ये आकडे पुकारणाऱ्यानंही मान वळवून पाहिलं. लोक टेक्लाकडे बघायला लागले. टेक्ला पॉलीनकडे बघत होती. तो फोटो दोनच ठिकाणी होता. एक टेक्लाच्या पलंगाशेजारी आणि दुसरा पॉलीनच्या फ्रिजवर. पॉलीनची मान समोरच्या कार्डांवर खाली गेली होती, आणि ती वर येईना.

गाड्यांपाशी टेक्लानं तिला गाठलं.

"तू दिलास?"

"अगं, लोकांच्या काळजाला भिडतंय ते. उद्या केंद्र झालं की कितीतरी पोरं..."

"मला विचारलंस?"

पॉलीन खूप वेळ पर्समध्ये किल्ली शोधत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू नाही म्हणाली असतीस."

टेक्लानं पाठ फिरवली. ती गाडीत बसली, आणि इतकी वर्षं अख्खी बस वळवणाऱ्या त्या बाईला स्वतःची छोटी गाडी मागे घेता येईना.

दोन दिवसांनी चर्चच्या तळघरात रसच्या पक्षाचं जेवण होतं. टेक्ला कोट न काढता सरळ त्याच्या टेबलापाशी गेली.

"मित्कोचा बाप खाणीत कधीच उतरला नाही, रस. तू शिकलास त्या शाळेची फरशी पुसायचा तो. तुझी ओकारीसुद्धा त्यानं पुसली आहे."

टेबलाभोवतीची माणसं ताटात बघायला लागली. रस लालबुंद झाला. "जाहिरात बनवणारी माणसं वेगळी असतात, मिसेस स्मोल्को. मी उद्याच काढायला सांगतो."

"आणि मला शब्द देणारी माणसंही वेगळीच होती का?"

जाहिरात निघाली नाही. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत ती संध्याकाळच्या बातम्यांत लागत राहिली. टेक्लानं टीव्हीवर टेबलक्लॉथ टाकून ठेवला.

मग समोरच्या पक्षाचा फोन आला. बाईचा आवाज मधाळ होता. झालं ते फार वाईट झालं, असं म्हणून ती म्हणाली, "तुमचा राग तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवाल? कॅमेरामन आम्हीच पाठवू."

"निवडून आलात तर केंद्र आणाल इथे?"

"त्याबद्दल आमची भूमिका स्पष्ट आहे. करदात्यांवर तो बोजा..."

टेक्लानं फोन ठेवला.

मतदानाच्या सकाळी ती चालत गेली. दाराबाहेर पॉलीन आपल्या पक्षाची पत्रकं वाटत उभी होती. टेक्ला समोर आल्यावर तिनं हात मागे घेतला. आत टेक्ला मतपत्रिकेवर पेन धरून इतका वेळ थांबली की मागच्या म्हाताऱ्यानं खाकरून पाहिलं. एकाला केंद्रच नको होतं. दुसऱ्यानं तिचा मुलगा विकायला काढला होता. पण केंद्र आणीन म्हणणारा तोच एक होता. दात आवळून तिनं रसच्या नावापुढचा गोल काळा केला. बाहेर आल्यावर तिला वाटलं, आपणही या व्यवहारात सामील झालो. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

रस थोडक्यात निवडून आला. वसंतात पेपरात बातमी आली की केंद्र मंजूर झालं. पण ते दोन खोरी पलीकडे होणार होतं. तिथली विधानसभेची जागा रसच्या पक्षाला पुढच्या खेपेस जिंकायची होती. रसनं त्या निर्णयाचं स्वागत केलं होतं.

दुपारी पॉलीनचा फोन आला. ती रडत होती. "मलाही फसवलं गं त्यानं. इतकी वर्षं राबले मी त्या पक्षासाठी."

"तुला त्यानं फसवलं," टेक्ला म्हणाली. "मला तू."

तिनं फोन ठेवला.

अजूनही रविवारी दोघी चर्चमध्ये त्याच बाकावर बसतात, कारण त्या बाकावर दोघींच्या आया बसायच्या. मध्ये टेक्ला आपला कोट घडी करून ठेवते. उन्हाळ्यातसुद्धा.