काटा, शेंदूर आणि अर्थ

नागनाथावर माझी श्रद्धा होती, पण ती वकिलाची श्रद्धा होती. हिंगोलीच्या कोर्टात मी एका शब्दाचे चार अर्थ काढायचो आणि औंढ्याला दर्शनाला गेलो की देवालाही सोडायचो नाही. पिंडीवरचं बेलाचं पान उजवीकडे घसरलं तर दावा जिंकला, डावीकडे गेलं तर पुढची तारीख मागायची. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी माझी ही खोड मोडली, आणि ती मोटारीतल्या एका काट्याने मोडली.

माझ्या बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दारातला पोस्टमन म्हणजे मीच असं समजून तिने त्याला ‘जेवायला येळेवर येत जावा की’ म्हणून झापलं, तेव्हा मी पोट धरून हसलो. पण भाकरी उलटताना तिचा हात तव्यावर पडला तेव्हा हसू आलं नाही. नांदेडला नेत्रशिबिर भरलं होतं आणि त्या शुक्रवारी त्याचा शेवटचा दिवस होता. बारापर्यंत नाव लागलं तर ऑपरेशन, नाहीतर बाहेरगावचे डॉक्टर पुन्हा कधी येतील ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी सातला आमच्या जुन्या मोटारीतून निघालो. दसऱ्यापासून तिला सुरू करायला धक्काच द्यावा लागे, पण एकदा सुरू झाली की ती बरी पळायची. कळमनुरीच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली. मी हॉर्न दाबून गाडीवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा उडी मारून लाल खुणेवर गेला. घाबरून गाडी थांबवली, अर्धा तास इंजिन निवू दिलं, चार वाटसरूंना धरून धक्का मारला. पुढे शेळ्या आल्या. पुन्हा हॉर्न, पुन्हा शिव्या, पुन्हा काटा वर. गप्प बसून नागनाथाचं नाव घेतलं की तोच काटा मुकाट खाली यायचा.

‘‘अहो, त्यो इंजनाचा न्हाई, तुमचाच पारा दावून राहिला,’’ बायको म्हणाली. ती चेष्टा करत होती, मला मात्र ते पटलं. देव माझा राग मोजत होता तर! मग मी शिव्या गिळायचं ठरवलं. पण रस्त्यावरच्या म्हशींना माझ्या व्रताची कल्पना नव्हती, आणि वारंगा फाट्यावर पोचेपर्यंत सव्वादहा वाजले.

फाट्यावर ट्रक आडवा उभा होता. हॉर्न दाबला, काटा लाल खुणेवर; मी घाबरून गाडी बंद केली. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणताही मुद्दा न मांडता म्हणालो, ‘‘देवा, माझ्या तोंडाची शिक्षा मला दे. हिची नजर नको घेऊ.’’ मला खरोखर रडू येत होतं.

‘‘काय तकलीफ हाय?’’ खिडकीशी फाट्यावरच्या गॅरेजचे म्हातारे मिस्त्री उभे होते. जुम्म्याच्या नमाजासाठी अंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून निघाले होते. मी त्यांना रागाचा आणि काट्याचा सगळा संबंध पुराव्यानिशी सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं, बॉनेट उघडून पाण्याच्या नळीला हात लावला.

‘‘इंजन बराबर हाय. धक्का मारून चालू करू, मंग हॉर्न मारा.’’

‘‘शिवी न देता?’’

‘‘निसता हॉर्न.’’

मी अगदी प्रेमाने हॉर्न दाबला. काटा तरीही लाल खुणेवर! मिस्त्री आत वाकले आणि म्हणाले, ‘‘साहेब, अर्थ लागून न्हाई राहिला.’’

‘‘तेच तर म्हणतो!’’ मी ओरडलो. ‘‘मी सकाळपासून अर्थच लावतोय!’’

‘‘तुमी नका लावू. मी लावतो.’’

त्यांचा अर्थ इंग्रजीतला, म्हणजे इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली वीज वाहणारी तार, हे मला तेव्हा कळलं; ती ढिली असली की हॉर्नची वीज भलत्या वाटेने जाऊन काटा उडवते. दसऱ्याला इंजिन धुताना तिचा बोल्ट मीच सोडला होता आणि पाना शोधायचा कंटाळा करून नुसता बोटांनी आवळला होता. तिथून त्यांनी बोटभर शेंदूर खरवडून काढला. ‘‘मारुतीला बी येवढा चढवत न्हाईत!’’

‘‘पूजा म्या केली,’’ बायको हळूच म्हणाली. ‘‘हाताला गोल लागलं, म्हणलं हेच गाडीचं कपाळ आसंल.’’

त्यांनी तार घासली, बोल्ट पान्याने आवळला. मी पाच वेळा हॉर्न वाजवला, काटा जागचा हलला नाही. गाडी धक्क्याशिवाय सुरू झाली. मिस्त्रींचा पांढरा सदरा मात्र बाहीपर्यंत शेंदरी झाला होता. मी माफी मागू लागलो तर म्हणाले, ‘‘आधी बाईची नजर. जावा.’’

पावणेबाराला नांदेडला पोचलो. रांगेत आमच्या मागे अजून तिघं होते, म्हणजे देवाने वेळ जरा सढळ हातानेच दिला होता.

एका डोळ्याची पट्टी सुटल्यावर परतताना तिने वारंगा फाट्यावर गाडी थांबवायला लावली. मिस्त्री त्याच सदऱ्यात होते. त्या दिवसापासून मी देवाच्या खुणांचे अर्थ लावणं सोडलं आहे. माझ्या हातातला बोल्ट तेवढा नीट आवळतो, बाकीचं त्याच्यावर सोपवतो, आणि नागनाथापुढे हात जोडले की तो सदरा हटकून आठवतो.

त्या दिवशी फाट्यावर बायकोने मिस्त्रींच्या बाहीकडे निरखून पाहिलं आणि ओशाळून म्हणाली, ‘‘लई डाग पडला की ओ.’’

‘‘डाग दिसून राहिला ना तुमाला?’’ मिस्त्री हसले. ‘‘मंग सगळं बराबर झालं.’’