ताईने न केलेलं कन्यादान

लग्न या विषयाचा माझ्या मामेबहिणीइतका अभ्यास जगात कुणी केला नसेल, स्वतः लग्न न करता तर नाहीच. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांतला नवरा, बायको आणि दोघांमध्ये लुडबुडणारा धर्म हा ताईचा विषय. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये बसून ती त्या बायकांबद्दल अशी बोलते, की त्या बी विंगमध्येच राहत असाव्यात. एकदा पोहे परतताना ती हळहळली, ‘‘कोंडून ठेवलंय रे तिला नवऱ्याने!’’ तेव्हा मी पोलिसांना फोन लावणार होतो. भाजीवालीने विचारलं, ‘‘ताई, तुम्ही का नाय केलं लगीन?’’ तर म्हणाली, ‘‘वाचूनच हौस फिटली गं.’’ तिला लग्नाला नेणं मात्र जोखमीचं. तिकडे इंग्लंडात पाद्री लग्नाआधी तीन रविवार भर चर्चमध्ये विचारायचा, कुणाची हरकत आहे का. आपल्याकडे कुणी विचारतच नाही, ही तिची खंत. ती तिने एका लग्नात अक्षता हातात घेऊन शेजारच्या बाईंना ऐकवली. त्या नेमक्या वरमाय निघाल्या.

तिचा खरा राग मुलगी ‘देण्यावर’. तिकडेही पाद्री विचारी, ही मुलगी कोण देतंय, आणि बाप पुढे होई. ‘‘मुलगी काय साखरेची वाटी आहे, शेजारी द्यायला?’’ यावर तिने अख्खं पुस्तक लिहिलं. आणि जिला आईबापांमागे तिने लहानपणापासून वाढवलं, तीच भाची म्हणाली, ‘‘मावशी, कन्यादानाला तूच बसायचं. दुसरं कुणी नको.’’ एकीकडे आयुष्यभराचं मत, दुसरीकडे पोरीचा हट्ट. ताई आठवडाभर गप्प होती. तिला गप्प बसलेलं आमच्या घराण्याने प्रथमच पाहिलं.

शेवटी बसली. एकटी बाई बघून गुरुजी कुरकुरले, ‘‘जोडपं लागतं ओ.’’ भाचीने डोळे वटारले, तसे ते मंत्रांकडे वळले. मुलीचा हात धरून ‘दिली’ म्हणायची वेळ आली तशी ताई स्पष्ट म्हणाली, ‘‘मी देत नाही. ती तिच्या मर्जीने जातेय. मी सोबत आलेय.’’ गुरुजींना पुढचं लग्न घाटकोपरला होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘चालेल. पाणी सोडा.’’

संध्याकाळी मी तिला घरी सोडायला गेलो. ‘‘जिंकलीस ताई,’’ मी म्हटलं. ती भाचीच्या खोलीच्या दारात उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

‘‘दिली नाहीच रे मी,’’ ती म्हणाली. ‘‘तरी गेली.’’

मग तिने कुकर लावला, सवयीने दोघींपुरता. मी जेवायला थांबलो.